राजवाड्याचा घुमट कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल कोल्हापूरला गेली होती. सोलापूरहून पहाटे एसटी निघाली. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत दुपारच्या आधी आम्ही न्यू पॅलेसच्या आवारात उतरलो. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यावर थांबू या, असा मुलांचा हट्ट होता. वेळेचं गणित बसेना म्हणून मी तो मोडून काढला, त्यामुळे निम्मी मुलं माझ्यावर रुसलेली होती.

राजवाडा पाहिल्यावर मात्र रुसवा गेला. काळ्या दगडाची लांबलचक इमारत, कोपऱ्याकोपऱ्यावर छत्र्या, घुमट आणि मधोमध घड्याळाचा उंच मनोरा. सातवीतला एक मुलगा मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, ये पहले मस्जिद थी क्या?" मी उत्तर देणार तेवढ्यात आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ आपल्या घरच्यांना सांगू लागले, "बघा, महाराजांच्या वाड्यावरसुद्धा मुघलांचे घुमट. कुणी बसवले कोण जाणे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. पण मुलाने ते ऐकलं आणि तो गप्प झाला. म्युझियम बघून पायऱ्या उतरताना त्याने हळूच विचारलं, "टीचर, वो गुंबद अपना है के उनका?"

मी म्हटलं, "अंग्रेजों का." मुलं हसली, विषय तिथेच संपला. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. परतीच्या प्रवासात मला ते सलत राहिलं. त्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा. जन्म १८३९चा. विशीत, १८५९च्या सुमारास तो इंजिनिअर अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला. तेव्हाचे लष्करी इंजिनिअर पूल, रस्ते, कालवे, बराकी असली कामं करत. मँटने तीही केली असतील, पण त्याचं नाव राहिलं ते राजेलोकांच्या घरांमुळे. कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्याचा, बडोद्याचा लक्ष्मीविलास त्याचा, बिहारमध्ये दरभंग्याच्या महाराजांसाठी केलेला महालाचा आराखडाही त्याचाच. राजकुमारांना शिकवण्यासाठी अजमेरला काढलेल्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याच्याच कागदावरून उभी राहिली. कोल्हापूरचं टाऊन हॉल (१८७२ ते १८७६) त्याचं, आणि आज सगळं कोल्हापूर ज्याला 'सीपीआर' म्हणतं तो दवाखानाही. एवढं सगळं करून हा माणूस १८८१ मध्ये, चाळिशी नुकती ओलांडलेली असताना वारला. त्याच्या मोठ्या इमारतींपैकी बहुतेक त्याने पूर्ण झालेल्या पाहिल्याच नाहीत.

टाऊन हॉल आज म्युझियम आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवतेची छोटी मूर्ती तिथेच आहे. ती इमारत नीट बघितली तर मँटची सुरुवात कुठून झाली ते कळतं. टोकदार सुळके, उभट खिडक्या, एकंदर चेहरा विलायतेतल्या चर्चसारखा. त्यानंतर एका वर्षाच्या आत सुरू झालेला न्यू पॅलेस मात्र अगदी वेगळा. एकच माणूस, एकच गाव, तोच काळा दगड, आणि इमारतीची भाषा बदललेली.

हा बदल एकट्या मँटच्या मनात झाला नव्हता. १८७३ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये रॉजर स्मिथ नावाच्या वास्तुविशारदाने व्याख्यान दिलं. रोमन लोक जिथे गेले तिथे रोमन इमारती बांधत गेले, तसं इंग्रजांनीही हिंदुस्थानात युरोपीय पद्धतीनेच बांधावं, असं त्याचं म्हणणं. विल्यम इमर्सनसारख्या दुसऱ्या गटाचं मत उलट होतं. मुसलमान राज्यकर्त्यांनी इथली कला उचलून आपलीशी केली, तसं आपणही करावं. म्हणजे वाद काय होता? इथल्या लोकांच्या डोळ्यांना राज्य कसं दिसावं, हा. इथल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

मँटची गिऱ्हाइकं कोण होती तेही पाहण्यासारखं आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. तिथल्या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. छत्रीचा आराखडा मँटचा, आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सवाले आजही त्या भागातल्या पुलाला 'भारतीयाचा पूल' म्हणतात. कोल्हापूरच्या राजासाठी मँटने बांधलेलं पहिलं 'घर' इटलीत आहे, आणि ते समाधीचं आहे.

राजारामांच्या मागे १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. जन्म १८६३चा, म्हणजे आठ वर्षांचं पोर. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला, त्यांना १८७५ मध्ये गादीवरून काढलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून एक मुलगा आणून गादीवर बसवला. तेच सयाजीराव. त्यांचाही जन्म १८६३चाच. दरभंग्याचे लक्ष्मेश्वर सिंह दोन वर्षांचे असताना वडील गेले आणि त्यांची इस्टेट सरकारी देखरेखीखाली गेली. तीन राजवाडे, तिन्ही ठिकाणी मालक अज्ञान. कारभार पाहणारे दुसरे, तिजोरीची किल्ली दुसऱ्यांकडे. घर कसं हवं हे राजाला विचारायची पाळीच आली नाही. मँट हा पोरवयातल्या राजांचा घरबांधणीकार होता, असं मी म्हणते ते यामुळे.

कोल्हापूरचा वाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. खर्च सुमारे ७ लाख रुपये. आता ही वर्षं आपल्याला माहीत असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीशेजारी ठेवून बघा. शाळेत आपण सगळेच 'कोल्हापूर प्रकरण' शिकलो. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना वेडं ठरवलं जातं आहे, असं केसरी आणि मराठाने लिहिलं. कारभारी बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांचं त्या १०१ दिवसांवरचं पुस्तक प्रसिद्धच आहे. तो छळ होणारा राजा म्हणजे हेच चौथे शिवाजी महाराज. म्हणजे एकीकडे राजाला कोंडून ठेवल्याच्या बातम्या, आणि त्याच गावात त्याच राजासाठी दगडावर दगड चढत होता. १८८१ मध्ये वास्तुविशारद गेला. १८८३च्या डिसेंबरात, वाडा पुरा व्हायच्या आधी, राजा गेला, तोही कोल्हापुरात नव्हे, अहमदनगरला. १८८४ मध्ये वाडा तयार झाला तेव्हा ज्याने आखला तोही नव्हता आणि ज्याच्यासाठी आखला तोही नव्हता. त्याच वर्षी कागलच्या घाटग्यांचा दहा वर्षांचा यशवंत दत्तक आला. त्याला आपण राजर्षी शाहू म्हणून ओळखतो.

शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि या वाड्याचं नशीब पालटलं. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं ते महाराजांच्या पुढाकाराने. सहलीत आम्ही दसरा चौकात ते दाखवायला मुलांना नेलं. मुलांना आतून बघायचं होतं, पण मला खरा आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे वडील यंत्रमागावर आहेत. त्या मुलांना 'बोर्डिंग' हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

पुन्हा वाड्याकडे. आत शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंग रंगीत काचांच्या खिडक्यांत आहेत. ही कला चर्चच्या खिडक्यांची. येशूच्या आणि संतांच्या गोष्टी काचेत उतरवणाऱ्यांची पद्धत इथे महाराजांच्या गोष्टीला लावली आहे. खांब आणि नक्षी गुजरातच्या जैन मंदिरांची आठवण देणारी, छत्र्या राजस्थानच्या महालांतल्या, दगडी भारदस्तपणा आपल्याकडच्या वाड्यांचा. आणि मधला मनोरा? घड्याळाचा मनोरा अस्सल इंग्रजी. घुमटाबद्दल नवल करणाऱ्या त्या गृहस्थांनी मनोऱ्यासमोर मात्र मजेत फोटो काढून घेतला. घड्याळ कुणाचं, असा प्रश्न कुणाला पडत नाही.

बडोद्याला मी बीएडच्या वर्षी गेले होते, तेव्हा मँट हे नावही मला माहीत नव्हतं. लक्ष्मीविलासचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, १८९० मध्ये संपलं, खर्च सुमारे १,८०,००० पौंड. महालाचे तीन भाग आहेत: दरबार आणि पाहुण्यांचा भाग, महाराजांचा राहण्याचा भाग आणि जनानखाना. मँटने प्रत्येक भागाला वेगळा पेहराव दिला. चारचौघांत मिरवायच्या भागावर मुघली साज, महाराजांच्या राहत्या भागाला हिंदू राजांच्या गढ्यांचा रुबाब, आणि जनानखान्यावर गुजरातच्या जैन मंदिरांसारखी छोट्या घुमटांची दाटी. दरबार हॉलच्या फरशीला तर इटलीतल्या व्हेनिसची मोझेक.

यात एक हिशेब आहे आणि तो मला खटकतो. दरबार म्हटला की मुघल, शौर्य म्हटलं की हिंदू गढी, बायका म्हटल्या की मंदिर. जणू माणसाचं आयुष्य खणाखणांत वाटून घेता येतं आणि प्रत्येक खणावर एकेका धर्माची पाटी लावता येते. जनानखान्याच्या खिडक्यांना जाळी होती, तिच्याआड राहणाऱ्या बायकांना आपल्या डोक्यावर कुठल्या शैलीचा घुमट आहे याचं सोयरसुतक असेल असं मला वाटत नाही. वारा येतो की नाही, हे त्यांनी बघितलं असेल. चिमणाबाई राणीसाहेब पुढे पडद्याबाहेर आल्या आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ती गोष्ट वेगळी, पण त्या जाळीसमोर उभं राहिलं की आठवतेच.

मँटच्या मरणाबद्दल गाइड लोक एक गोष्ट रंगवून सांगतात. आपलं गणित चुकलं, आता सगळे राजवाडे कोसळणार, या भयाने त्याचं डोकं फिरलं आणि त्यातच त्याचा अंत झाला, अशी ती गोष्ट. लक्ष्मीविलासचं राहिलेलं काम मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझमने पुरं केलं. महाल तर आज सव्वाशेहून जास्त वर्षं उभा आहे. २००१चा गुजरातचा भूकंपही त्याने सोसला. गणित बरोबर होतं.

या सगळ्या इमारतींना पुस्तकांत एक नाव आहे: इंडो-सारसेनिक. मँटच्या कामाला तर कधी 'हिंदू-सारसेनिक' म्हणतात. मला या लेखात जे मुख्य सांगायचं आहे ते या शब्दाबद्दल आहे.

सारसेन म्हणजे कोण? मध्ययुगातले युरोपचे ख्रिस्ती लोक अरबांना, आणि मग सरसकट मुसलमानांना, या नावाने ओळखत. क्रूसेडच्या लढायांत समोर उभा असलेला शत्रू, तो सारसेन. जगातल्या एकाही मुसलमानाने स्वतःला हे नाव घेतलं नाही. विजापूरच्या सुलतानाला कुणी 'तुम्ही सारसेन' म्हटलं असतं तर त्याने दुभाष्या बोलावला असता.

हा शब्द आपल्या इमारतींना चिकटवण्यात सगळ्यात मोठा वाटा जेम्स फर्ग्युसनचा. हा बंगालमध्ये निळीचा व्यापार करून पैसा कमावलेला माणूस. त्या पैशावर तो हिंदुस्थानभर हिंडला, इमारती पाहिल्या, आणि १८७६ मध्ये भारतीय वास्तूंचा मोठा इतिहास छापला. त्यात बौद्ध, जैन, हिंदू अशी वाटणी आहे आणि मग 'इंडियन सारसेनिक' असा सगळा एक भाग. इमारत कुठल्या धर्माची, हा पहिला प्रश्न, बाकी नंतर. कोल्हापूरच्या वाड्याचं काम त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झालं. फर्ग्युसनचं सारं श्रेय नाकारण्याचा माझा हेतू नाही. विजापूरची जगाला ओळख करून देणाऱ्यांत तो पुढे होता आणि गोलघुमट रोमच्या पँथिऑनपेक्षा जास्त जागा व्यापतो, हे त्यानेच मोजून सांगितलं. पण एकदा खण पाडले की मधल्या भिंती खऱ्या वाटू लागतात. मँटसारख्यांनी मग या खणातलं थोडं, त्या खणातलं थोडं घेऊन नव्या इमारती जोडल्या आणि त्याला नाव दिलं मिश्र शैली.

आम्ही सोलापूरचे. विजापूर आम्हाला शंभर किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आमच्या दख्खनेत 'मिश्रण' करायला मँटची वाट कुणी पाहिली नव्हती. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे. तिथला तीन दरवाजा आदिलशाही काळातला, त्यावर फारसी लेख आहे, आणि त्याच दरवाज्याच्या नक्षीत पुढे मराठ्यांनी बसवलेला गणपती आहे. मराठ्यांनी किल्ला घेतला, दरवाजा पाडला नाही, लेख खरवडला नाही, आपला गणपती बसवला आणि वापर सुरू ठेवला. याला कुणी शैलीचं नाव दिलेलं नाही. पेशव्यांच्या पुण्यात वाड्यांचे लाकडी खांब पाहा. त्यांना सुरूचे खांब म्हणतात, कारण घाट सुरूच्या झाडाचा. सुरू म्हणजे फारसीतलं सर्व, मुघल बागांतलं झाड. शनिवारवाड्यात राहणाऱ्या कुणाला आपण सारसेनिक खांबाला टेकून बसलो आहोत असं वाटलं नसेल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझं लक्ष दगडापेक्षा शब्दांकडे आधी जातं. सहलीहून आल्यावर मी मुलांना घरातल्या वस्तूंची आणि जागांची नावं लिहून आणायला सांगितली. मग फळ्यावर दोन रांगा केल्या. दरवाजा, दिवाणखाना, दालन, कमान, तावदान: हे फारसीतून. इमारत, मजला, फरशी, हौद, बुरूज: हे अरबीतून, फारसीच्या वाटेने. दुसऱ्या रांगेत ओसरी, पडवी, सोपा, माजघर, उंबरा, परस, आणि आमच्याकडचं माळवद. मशिदीतला मिहराब मराठी घरात येऊन महिरप झाला आणि आता गणपतीच्या मखरालाही महिरप असते. गुंबदचा घुमट झाला आणि घुमण्याच्या आवाजाशी त्याचं इतकं जमलं की तो शब्द बाहेरून आला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कमान म्हणजे धनुष्य, वाकवलेली म्हणून कमान. उंबरा ओलांडून दिवाणखान्यात जाणाऱ्या माणसाला आपण एका खणातून दुसऱ्या खणात गेलो असं कधी वाटत नाही.

माझे नाना गवंडी होते. सोलापूरच्या पेठांतली कितीतरी घरं त्यांच्या हातची. त्यांच्या पिशवीत ओळंबा, थापी आणि गुण्या असे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन, शब्द फारसी. नाना कधी शाळेत गेले नव्हते, पण भिंत काटकोनात आहे की नाही हे ते आधी डोळ्याने सांगत आणि मग गुण्या लावून दाखवत. अम्मीचा हात धरून मी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे तेव्हा ते घरं दाखवत: ही कमान माझी, हा जिना माझा. त्या घरांवर संगमरवरी पाट्या आहेत, मालकाचं नाव आहे, कुलदैवताचं नाव आहे, साल आहे. नानांचं नाव एकाही भिंतीवर नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मीही मालकांविरुद्ध करत नाही, त्यांनी मजुरी वेळेवर दिली होती. पण मँटबद्दल वाचताना मला सारखा प्रश्न पडत गेला: कोल्हापूरचा काळा दगड कुणी घडवला? मँटने कागदावर रेघ ओढली असेल, पण बेसॉल्टमध्ये फूल उमलवणं हे रेघेचं काम नाही. ते पाथरवटाच्या छिन्नीचं काम. कुणीतरी मापं घेतली, कुणीतरी कमानीचा लाकडी सांगाडा उभा केला, कुणीतरी शेवटचा दगड बसेपर्यंत खाली उभं राहून शिव्या दिल्या. हिंदू असतील, मुसलमान असतील, वडार असतील, जैन असतील. वास्तुशैलीच्या चर्चेत ही माणसं येतच नाहीत.

विजापूरच्या इमारतींचं एक भलं मोठं चित्रांचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनला निघालं. मोजमापं आणि नकाशे कॅप्टन हार्ट आणि कमिंग यांच्या नावावर, आणि त्यांच्यापुढे जोडलेले 'नेटिव्ह ड्राफ्ट्समन'. दोन साहेबांना नावं आहेत, ज्यांनी कमानी रेखल्या त्यांना फक्त जात, तीही 'नेटिव्ह'. अशाच नकाशांवरून साहेबांची एक पिढी घुमट शिकली. चिझमने बडोद्यात कॉलेजसाठी बांधलेला भव्य घुमट आज विद्यापीठाच्या कला विभागावर आहे. तो गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला, असं सांगतात.

गोलघुमटाची युक्ती एकदा समजून घेण्यासारखी आहे. मी ती मुलांना कागदाने करून दाखवते. एक चौकोन घ्या. त्याच्यावर तेवढाच दुसरा चौकोन ४५ अंशांनी फिरवून ठेवा. आठ टोकांची चांदणी होते आणि मध्ये अष्टकोन उरतो. गोलघुमटाच्या भिंतींपासून निघालेल्या कमानी अशाच एकमेकींना छेदत वर जातात, खालचा चौरस हळूहळू गोल होतो आणि सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट मधल्या एकाही खांबाशिवाय उभा राहतो. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला, त्याची ही कबर. तीनशे सत्तर वर्षं होत आली. यात धर्म कुठे आहे? भूमिती आहे, चुन्याची जाण आहे, आणि कुणाचं तरी प्रचंड धाडस आहे.

मुद्दाम सांगते, आदिलशाही म्हणजे सगळा मजुरांचा सन्मान होता असं मी म्हणत नाही. तिथेही दगड उचलणारे निनावीच राहिले. पण इब्राहिम रोजाच्या भिंतीवर, ज्याने ती इमारत उभी केली त्या मलिक संदलचं नाव कोरलेलं आहे. सुलतानाच्या कबरीवर बांधणाऱ्याचं नाव. न्यू पॅलेसवर गवंड्यांचं एखादं नाव आहे का, हे मुलांनी दोन तास शोधलं. रंगीत काचा सापडल्या, वाघांची मुंडकी सापडली, हत्तीचे पाय सापडले.

आमच्या सोलापुरातही एक वाडा आहे, इंद्रभुवन. वारदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहण्यासाठी बांधला, आता तिथे महापालिका आहे. जन्मदाखला, घरपट्टी, नळाची तक्रार, कशासाठी ना कशासाठी प्रत्येक सोलापूरकर तिथे जाऊन रांगेत उभा राहिलेला आहे. त्यावरच्या घुमट्या, कमानी, पुतळे, वेलबुट्टी यांच्याकडे मान वर करून बघणारा विरळा. सहलीनंतर मी मुलांना तिथेही नेलं. त्यांनी कागदावर कमानी काढल्या. कार्यालयातल्या एका शिपायाने विचारलं, "कशाचा सर्व्हे आहे?"

फेब्रुवारीत आम्ही विजापूरला गेलो. या वेळी तो सातवीतला मुलगा सगळ्यांच्या पुढे. जामा मशिदीच्या सोनेरी मिहराबासमोर उभं राहून त्याने वर कोरलेली अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. उर्दू येत असल्याने अक्षरं ओळखीची, भाषा फारसी. मी मदत केली. त्यात याकूत दाभुली हे नाव आहे. १६३६ मध्ये हे नक्षीकाम त्याने केलं.

"दाभुली मतलब?"

"दाभोळचा."

"दाभोळ किधर है टीचर?"

"रत्नागिरी जिल्ह्यात. दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी."

त्याने वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, कोल्हापूरवाल्याचं नाव पण सांगा. मी मँट सांगितलं. "वो नहीं," तो म्हणाला, "पत्थरवाले का." मी म्हटलं ते मला माहीत नाही. त्याने मँटच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि पुढची ओळ रिकामी ठेवली.